रंग सांग, मत नको सांगू

मुनाफच्या हातात काहीही आलं की तो ते आधी उजेडाकडे धरायचा. रेडिओचा सुटा भाग असो, तुटकी वायर असो, नाहीतर शंभराची नोट असो. मी दिलेला चहाचा ग्लाससुद्धा तो वर धरायचा, त्यातून रस्त्याकडे बघायचा आणि मगच तोंडाला लावायचा. पहिल्यांदा त्याने असं केलं तेव्हा मला राग आला.

"काय पाह्यतं रे? माशी पडली काय?"

"नाही आपा. उजेडाकडे धरलं का खोट दिसते. आदत हाय."

"माह्या चहात खोट नाही. प्यायचा असन त पी."

तो प्यायला आणि मग रोज पिऊ लागला.

दिग्रसला कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी चहाची टपरी. तिला लागून त्याचं रिपेरिंगचं दुकान. दोघांच्या मध्ये एक पत्रा. त्याच्याकडे चहा हवा असला की तो पत्र्यावर टकटक करायचा. सगळे त्याला मुनाफभाई म्हणायचे. मी वयाने मोठी, म्हणून मी नुसतं मुनाफ म्हणायचे आणि तो मला आपा, म्हणजे मोठी बहीण. उंच, वाळका माणूस. केसांना मेंदी. बाकीच्या मिस्त्री लोकांसारखा सुपारी-तंबाखूचा खर्रा खात नव्हता, म्हणून लोक त्याला चिकट म्हणायचे. चिकट नव्हता. तोंडात खर्रा असला की बोलता येत नाही, आणि त्याला बोलायला लागायचं. माणसांशी कमी, यंत्रांशी जास्त. त्याच्या भाषेत यंत्रं चालत नसत, बोलत. "हा रेडिओ तीन दिवसापासून बोलून नाही राह्यला," असं म्हणायचा आणि घरातल्या रुसलेल्या पोराकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत बसायचा.

रेडिओ गेले. मग टीव्ही आले, तेही दुरुस्तीला यायचे बंद झाले. बिघडला की लोक नवीन घ्यायचे. त्या दिवसांत बसस्टँडकडची एक कॉम्प्युटरची शिकवणी बंद पडली आणि तिथली सगळी यंत्रं भंगारवाल्याच्या हातगाडीवर आली. भंगारवाल्याला त्यातलं तांबं हवं होतं. मुनाफने त्यातले कॉम्प्युटरला वीज पुरवणारे पत्र्याचे डबे तेवढे निवडून घेतले. विटेपेक्षा थोडे मोठे, एका बाजूला पंखा, दुसऱ्या बाजूने रंगीत वायरींचा झुबका लोंबतोय. मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक डबा घेऊन पत्र्याच्या पलीकडून आला. "आपा, तुह्या अंबाड्यातला एक आकडा दे."

"कायले?"

"दे त. वापस देतो."

मी आकडा काढून दिला. त्याने तो चिमट्याने वाकवला. वायरींच्या झुबक्याच्या टोकाला एक पांढरी टोपी होती, तिच्या भोकांमध्ये आकड्याची दोन टोकं खोचली. डब्यातला पंखा फिरायला लागला.

"हिरवीले काळीशी जोडलं का हा जागा होते," तो म्हणाला. "कॉम्प्युटर नसला तरी चालते. याले वाटते, कॉम्प्युटर हाय."

"म्हणजे फसवलं त्याले."

"फसवलं नाही. काम देल्लं."

मग त्याने रुंद फितीसारखी एक पट्टी आणली. तिच्यावर बारीक बारीक दिवे. पिवळी वायर पट्टीच्या एका तारेला, काळी दुसऱ्या तारेला. माझ्या टपरीत असा उजेड पडला की दुधावरची साय दिसायला लागली. पिवळ्या वायरीतून बारा व्होल्ट येतात आणि ही पट्टीही बाराचीच असते, म्हणून दोघांचं जमतं, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या मिला सुरू झाल्या की आमच्या रस्त्यावरचं व्होल्टेज पडायचं. संध्याकाळी ट्यूबलाइट नुसती फडफडायची. ही पट्टी हलायची नाही.

माझा आकडा त्या डब्यात तसाच राहिला. मागितला की म्हणायचा, "देतो न आपा. पळून चाललो काय?"

डब्याला त्याने स्कूटरचा एक छोटा बल्बही जोडला होता. लाल वायरीला. तो उगाच जळत असायचा, त्याचा काही उपयोग नव्हता. मी विचारलं, हा कायले?

"जुन्या डब्याले थोडं ओझं पाह्यजे. ओझं नसलं का तो सरळ बोलत नाही. कधी जास्त देते, कधी कमी देते." मग बल्बला बोट लावून गरम झालाय का बघत म्हणाला, "माणसाचंबी तसंच हाय."

पट्टी लांब असली की शेवटचे दिवे मिणमिणे व्हायचे. त्याचंही त्याच्याकडे उत्तर होतं. "पाटाचं पाणी शेवटच्या वावराले पोचते काय? नाही न? मंग दोन्हीकडून पाजा." तो वायर फिरवून पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही जोडायचा. न्हाव्याच्या दुकानात, मटणाच्या दुकानात, दर्ग्यात, लग्नाच्या मांडवात त्याच्या पट्ट्या लागल्या. डबा लावून झाला की प्रत्येकाला एकच तंबी. "झाकण खोलू नका. बंद केला तरी हा पोटात करंट धरून बसते." आणि हे सांगताना डब्यावर एक थाप.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडात गुलाबी अळी. एका वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. त्या पऱ्हाटीत शिरून फवारायचं म्हणजे औषध अंगावर नाही तर डोक्यावरच पडायचं. दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून द्यायचे आणि लोक फवारायचे. गावागावांत फवारणीवाले पडत होते. कोणाला उलट्या, कोणाला दिसेना. जीपमध्ये आडवं घालून यवतमाळला नेताना मी माझ्या टपरीवरून पाहिले आहेत. थांबून कोणी चहा घेत नव्हतं.

मुनाफला मात्र त्या वर्षांत काम मिळालं. पाठीवरचे चार्जिंगचे पंप. त्यांची बॅटरीही बाराचीच. त्याच्या दुकानापुढे पंपांची रांग लागायची आणि सगळ्या रस्त्याला औषधाचा वास. मी ओरडायचे की माझ्या दुधाला वास लागतो. तो हसायचा. "दूध फाटलं त मले सांगजो, मी पितो."

पंप का बोलत नाही, हे तो कसा बघायचा ते सांगते. बहुतेक वेळा पंपाच्या नळीच्या टोकाला जे बारीक भोकाचं नोझल असतं, तेच चोंदलेलं असायचं. आमच्याकडचे लोक ते काढून तोंडाने फुंकतात. मुनाफ फुंकायचा आणि मग उजेडाकडे धरायचा. भोकातून आभाळ दिसलं की साफ. नाही दिसलं की परत फुंकायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी त्याचे ओठ बधिर व्हायचे आणि चहा गरम आहे की गार ते त्याला कळायचं नाही.

एका दुपारी देवराव नावाचा शेतकरी पंप घेऊन आला. शेजारच्या खेड्यातला, ओळखीचा माणूस. टाकी रिकामी आहे, धुऊन आणली आहे, असं म्हणाला. मुनाफने बटण दाबलं. काही आलं नाही. आतला दाब तसाच राहिला असणार. त्याने नोझल काढलंच नाही. नळीचं टोक नेहमीप्रमाणे वर केलं आणि उजेडाकडे धरून डोळ्याजवळ नेलं. तेवढ्यात चोंदलेलं सुटलं.

तो ओरडला नाही. नळी खाली ठेवली, बटण बंद केलं आणि मग दोन्ही हात तोंडावर घेतले. मी माझ्या पिंपातलं पाणी तांब्याने त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिले. देवराव हात जोडून उभा होता. "धुतलीच होती मुनाफभाई, आईशप्पत धुतली होती." थोड्या पाण्यानंतर मुनाफ म्हणाला, "बस झालं आपा. लोकं थांबले हायेत." मी म्हटलं, मरू दे लोकं, दवाखान्यात चाल. तो गेला नाही. रुमाल ओला करून बांधला, एका डोळ्याने उरलेले पंप केले. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात तेव्हा त्याची बायको जैबुन त्याला ओढत घेऊन गेली.

औषधाचे थेंब दिले. डोळे उघडले. सगळ्यांना वाटलं, वाचला. पण दिवाळीनंतर त्याच्या बुबुळांवर पांढरं यायला लागलं, काचेवर वाफ धरते तसं. नागपूरला जा, तिथे दुसऱ्याचं बुबुळ बसवतात, पण नंबर लावून वाट पाहावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तो नंबर लावून आला आणि वाट पाहत दुकानात बसला.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. का, ते मला विचारायची गरज नव्हती. ज्याला दिसत नाही त्याच्याकडे कोण विजेचं काम देईल? बाजाराला कळलं की दुकान संपलं. आणि दुकान संपलं की मुनाफ काय करणार होता? पोरींची लग्नं होऊन त्या गेल्या होत्या. नमाज आणि दुकान, एवढंच त्याला येत होतं.

एकदा पत्र्यावर टकटक झाली. मी चहा घेऊन गेले. चहा त्याला नको होता. त्याने वायरींचा झुबका माझ्यापुढे धरला.

"आपा, यातली पिवळी कोणती?"

मी दाखवली.

"हे? का हे?"

तेव्हा मला कळलं की कुठवर आलंय.

त्यानंतर टकटक झाली की मी गिऱ्हाईक सोडून जायचे. लोकांना वाटायचं चहा नेते. मी हातात ग्लास घेऊनच जायचे. तो एकेक वायर बोटांत धरायचा आणि मी रंग सांगायचे. मला सगळ्या रंगांची नावं येत नव्हती. माझी शाळा चौथीपर्यंतची. त्यामुळे मी मला जे दिसायचं ते सांगायचे. ही संत्र्याची. ही वांग्याची. ही राखेची.

"तुह्या डब्यात त अख्खा बाजार हाय," तो हसायचा. "वांग्याची सोड. संत्र्याचीबी सोड, तिच्यात तीनच व्होल्ट हाय. पिवळी दे."

एकदा मी म्हटलं, "हे पिवळी हाय, पण मले वाटते ढिली हाय, दुसरी घे."

"रंग सांग, आपा. मत नको सांगू. ढिली हाय का नाही ते माही बोटं पाह्यतीन."

हे त्याने मला पुष्कळदा ऐकवलं. माझं तोंड मोठं, मी मध्येमध्ये बोलायचेच. तो हात वर करायचा. "रंग." मी गप्प बसून रंग सांगायचे. त्याच्याकडे तारेत करंट आहे की नाही ते बघायचं मीटर होतं, ते आता त्याला वाचता येत नव्हतं. एकदा म्हणाला, "तूच माहा मीटर." मला त्यात कौतुक वाटलं नाही. कामच तसं होतं.

एक वर्ष असं चाललं. बाजाराला कळलं नाही. बोटांनी तो डोळ्यांपेक्षा जास्त बघायचा. आणि तरी, हातात काही आलं की हात आपोआप उजेडाकडे जायचा. त्याचा लोकांवर चांगला परिणाम व्हायचा. त्यांना वाटायचं, मुनाफभाई बारकाईने बघतोय.

मग आमच्या विहाराचं काम आलं. बुद्धपौर्णिमेला समोरच्या कमानीला निळ्या पट्ट्या लावायच्या होत्या. अध्यक्ष पुंडलिकराव स्वतः सांगायला आले. मी मुनाफला म्हटलं, हे घेऊ नको. सगळ्या वस्तीसमोर शिडीवर चढायचं काम आहे.

"वर चढायले तुमचे पोट्टे हायेत. मी खाली डब्यापाशी बसीन."

"आन दिसलं त कोणाले?"

"मंग तू कायले हाय?"

आदल्या दिवशी आम्ही दोघांनी दुकानात सगळं जोडून ठेवलं. पट्टी कात्रीच्या खुणेवर कापायची असते, दर तीन दिव्यांनी एक खूण. मी खूण दाखवायचे, तो नखाने धरायचा आणि कापायचा. कमान मोठी, म्हणून दोन्हीकडून पाजायचं. स्कूटरचा बल्ब लाल वायरीला. त्या डब्यासाठीही आकडा माझाच घेतला. पहिला परत आलाच नव्हता.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी पोरांनी पट्ट्या चिकटवल्या. मुनाफ कमानीच्या पायाशी डबा घेऊन बसला, मी बाजूला. कमानीची खालची कड त्याच्या तोंडापासून हातभरावर होती. बाया, माणसं, लेकरं सगळी जमली होती. कोणीतरी चेष्टा केली, "मुनाफभाई, हिरवी लावू नका बरं, आमची निळी पाह्यजे." तो म्हणाला, "हिरवी लावल्याशिवाय तुमची निळी लागतच नाही, भाऊ. इथं हिरवीच चालू करते." सगळे हसले. त्यालाही मजा वाटली. त्याने आकडा खोचला. पंखा फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांनी तो फसला नाही. "आपा," त्याने विचारलं, "शेवटच्या टोकाले कसं हाय?"

मी बघितलं. सगळी कमान निळी होती. फक्त त्याच्या नाकासमोरचा शेवटचा तुकडा लागलेला नव्हता. लोकांचं लक्ष वर होतं. मी "बरं हाय" म्हटलं असतं तर तेव्हा कोणाला कळलं नसतं.

मी म्हटलं, "शेवटचा तुकडा काळा."

त्याचा हात लगेच पुढे गेला. बोटांनी सांधा शोधला, तार उलटी लागली होती. काढली, फिरवली, परत लावली. तुकडा लागला. एवढ्याशा कामाला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात सगळ्यांच्या माना खाली वळल्या होत्या. नाकासमोरचा दिवा लागला नाही हे याला दुसऱ्याला विचारावं लागलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुंडलिकराव हळूच म्हणाले, "मुनाफभाई, तुमाले दिसत नाही काय?"

मुनाफ वायरी गोळा करत होता. "नाही दिसत, भाऊ. लागला न पण दिवा?"

"लागला."

"मंग झालं."

त्या दिवशी विहारात त्याला पहिल्या पंगतीला बसवलं, खीर वाढली. कोणी वाईट बोललं नाही. आठवडाभरात बाजारभर झालं. आंधळ्याच्या हातात करंट, असं न्हाव्याच्या दुकानात म्हणाले. त्या दुकानातली पट्टी मुनाफनेच लावली होती. मग पंप यायचे थांबले. बाकीचंही थांबलं.

जैबुन माझ्याशी भांडायला आली. "आपा, झूठ बोल देती तो क्या बिगड़ता?"

मी म्हटलं, "झूठ बोलली असती त तुकडा काळाच राह्यला असता."

मागून मुनाफ बोलला, "जैबुन, मीटर खोटं बोललं त मी त्याले ठेवतो काय? चाल घरी."

तो दुकान उघडायचा, बसायचा, संध्याकाळी बंद करायचा. काही दिवसांनी त्याचं बोलणं बिघडलं. कधी दिवसभर गप्प, कधी एकच गोष्ट चारदा. मला स्कूटरचा बल्ब आठवला. मी त्याला म्हटलं, "रिकामा बसला हाय त माहे ग्लास धू." लोकांना हे आवडलं नाही. मिस्त्री माणसाला चहावालीने ग्लास धुवायला बसवलं, असं म्हणाले. त्यांच्याकडे त्याला द्यायला काम नव्हतं, माझ्याकडे होतं.

तो चांगले धुवायचा. प्रत्येक ग्लास धुऊन झाला की उजेडाकडे धरायचा, माझ्या टपरीतल्या त्याच्याच पट्टीकडे, आणि विचारायचा, "सांग आपा." मी सांगायचे. पांढरा. पांढरा. खाली लाल. खाली लाल म्हणजे चहा राहिला. मग परत धुवायचा. त्याचं बोलणं सुधारलं. देवरावही अधूनमधून यायचा, चहा घ्यायचा, त्याच्याशी बोलायचा नाही. मुनाफ आवाजावरून ओळखायचा आणि म्हणायचा, "देवरावभाऊचा ग्लास जरा घासून धुतो, त्याईले धुतलेल्या गोष्टीची आवड हाय." देवरावला हसावं की रडावं कळायचं नाही.

नागपूरचा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी कापूस निघायच्या सुमारास मुनाफची भूक गेली. एका सकाळी तो ग्लास उजेडाकडे धरून बसला होता. मला त्याच्या बुबुळांवरचं पांढरं नेहमीच दिसायचं, त्या दिवशी त्याच्या भोवतीचं दिसलं.

मी म्हटलं, "मुनाफ, तुहे डोळे पिवळे दिसून राह्यले."

त्याने हातातला ग्लास फिरवला. "पिवळी म्हणजे बाराची. चांगली हाय." मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "किती पिवळे?"

"हळदीसारखे."

"बरं."

जैबुनने त्याला यवतमाळला नेलं. कोणी म्हणालं कावीळ, कोणी म्हणालं एवढ्या वर्षांचं औषध तोंडाने फुंकून काळीज सडलं. मी डॉक्टर नाही. तो परत आला तो मातीसाठीच. मी बायांबरोबर त्याच्या घरी बसले, आणि दुसऱ्या दिवशी टपरी उघडली.

डबा अजून चालतो. पंखा आवाज करतो. माझा आकडा त्यातच आहे, गंजलेला. लाल वायरीचा बल्ब एकदा गेला, मी दुसरा लावून घेतला. पत्र्याच्या पलीकडे आता मोबाइलवाला बसतो. नवीन लोक उजेड बघून विचारतात, हे कोणी लावलं? मी नाव सांगते. मग विचारतात, कसा होता हो माणूस?

मत मी सांगत नाही. उंच होता. केस मेंदीने लाल. सदरा राखेच्या रंगाचा. बोटं काळी. डोळे आधी काळे, मग पांढरे, मग पिवळे.